पिवळा दिवा लागला की लगेच सेन्सर बदलू नका

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोडवरच्या आमच्या गॅरेजसमोर पहाटेपासून पिकअपची रांग लागते. कुणाचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटलेला असतो, कुणाचं बेअरिंग ओरडत असतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी मोहोळकडचे एक मामा माल उतरवून रिकामी गाडी घेऊन आले. खाली उतरल्या उतरल्या म्हणाले, "ब्रेक लागतोय, पण गाडी थांबायच्या ऐन वक्ताला पायाखाली कर्रर्र करतंय बगा, अन् गाडी हातभर पुढं सरकतीय. गेटापाशी पुढच्याला ठोकता ठोकता राहिलो."

डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा तेव्हा लागलेला नव्हता. कधी लागायचा, कधी आपोआप जायचा. दोन महिन्यांत दुसऱ्या एका गॅरेजात पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता. पहिला नवा सेन्सर खराब निघाला असं सांगून दुसरा टाकला होता. खोड तशीच होती. पैसे गेले ते गेलेच, वर गाडीवरचा भरवसा गेला.

मी वायरिंगचं काम करतो आणि असे पिकअपवाले दर महिन्याला भेटतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर सेन्सरचं नाव येतं, मालक सेन्सर आणतो, दिवा चार दिवस विझतो, पुन्हा लागतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. स्कॅनरवर जे नाव दिसतं ते पत्त्यासारखं असतं. अमुक चाकाकडून बातमी नीट येत नाही, एवढंच स्कॅनर सांगतो. ती बातमी कुठे अडली हे शोधायचं काम आपलं असतं. शोध घ्यायला फार महागडी साधनं लागत नाहीत; बॅटरी म्हणजे टॉर्च, मल्टीमीटर, जॅक आणि थोडा धीर लागतो.

आधी यंत्रणा डोळ्यांसमोर आणा. ब्रेक कचकन दाबला आणि चाक जाम झालं की ते फिरायचं सोडून रस्त्यावर घासत जातं. घासणाऱ्या चाकाची पकड कमी होते, आणि पुढची चाकं जाम असतील तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही. प्रत्येक चाकापाशी बोटाएवढा सेन्सर असतो, आणि त्याच्यासमोरून चाकाबरोबर एक दातेरी रिंग फिरत असते. दात समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका निघतो. हे ठोके बॉनेटखालच्या युनिटकडे जातात. ब्रेकच्या सगळ्या पायपा ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात तोच हा युनिट. त्याच्या पोटात बारीक व्हॉल्व्ह आणि एक पंप असतो, आणि अंगाला त्याचा कॉम्प्युटर चिकटवलेला असतो. तीन चाकं फिरताहेत आणि चौथं अचानक मंदावलं असं दिसलं, की युनिट त्या चाकाकडे जाणारा दाब आधी अडवतो, मग सोडतो, चाक फिरू लागलं की पुन्हा देतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. पायाखाली जी थरथर लागते आणि जो कर्रर्र आवाज येतो तो या कामाचाच असतो.

म्हणजे पावसात घसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि पेडल थरथरलं तर काही बिघडलेलं नाही. अशा वेळी कित्येक ड्रायव्हर घाबरून पाय उचलतात, किंवा जुन्या सवयीने ब्रेक पंप करतात. तसं करू नका. पाय घट्ट दाबून ठेवा आणि गाडी वळवा. खडीवर, मुरमावर किंवा चिखलात मात्र एबीएसवाली गाडी थोडी जास्त अंतर घेऊन थांबू शकते. तो दोष नाही, यंत्रणेचा स्वभाव आहे.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कारमध्ये वजन फार बदलत नाही. पिकअपचा हौदा भरलेला असतो तेव्हा मागची चाकं रस्त्यात रुतल्यासारखी बसतात, आणि माल उतरला की तीच चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला थोडा ब्रेकही जाम करायला पुरतो. मागची चाकं आधी जाम झाली की गाडीचा मागचा भाग बाजूला फिरतो; रिकाम्या पिकअपचे बरेच अपघात याच प्रकारचे असतात. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लास कारमध्ये आणला, तो चारही चाकांना. अमेरिकेतल्या पिकअपना मात्र सुरुवात मागच्या चाकांपासून झाली. फोर्डने १९८७ मध्ये आपल्या एफ-मालिकेच्या पिकअपना आधी फक्त मागच्या चाकांचा एबीएस दिला. धोका कुठे जास्त आहे हे त्यावरूनच कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना मागच्या हाउसिंगपासून (मागच्या ॲक्सलच्या कवचापासून) चासीपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली दिसेल, आणि तिच्या वरच्या टोकाला एक व्हॉल्व्ह. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. हौदा भाराने खाली बसला की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हौदा वर असला की कमी देतो. आता आपल्याकडची रीत बघा. ऊस, कांदा, डाळिंब, विटा, जे मिळेल ते भरायचं म्हणून मागे दोन पाटे वाढवायचे. पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दीड टन माल मागे असताना मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या पॅडवर येतो, पॅड लवकर संपतात, आणि मालक म्हणतो एबीएस बिघडला. पाटे वाढवले असतील तर ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावी लागते. माझ्याकडे 'ब्रेक कमी लागतो' म्हणून आलेल्या गाडीखाली मी सगळ्यांत आधी इथे बघतो.

दोन दिवे, दोन वेगळी कामं

चावी फिरवली की पिवळा एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि साधारण दोन ते चार सेकंदांत विझला पाहिजे. त्या वेळात युनिट स्वतःला तपासून घेतो. बऱ्याच गाड्यांत पुढची तपासणी गाडी चालू लागल्यावर होते. दहा-वीसच्या वेगाला बॉनेटखालून एक 'घुर्र' असा क्षणभर आवाज येतो, तो पंप फिरवून बघितल्याचा. रोज सकाळी तो ऐकू येत असेल तर चांगलंच आहे.

दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका. एक तर गाडीला एबीएस नाही, नाही तर कुणी तरी दिव्याचा गळा दाबला आहे. एमएच-१३ पासिंगच्या जुन्या पिकअप हातोहात विकल्या जातात, आणि त्यातल्या काहींत बल्ब काढलेला किंवा काळी पट्टी लावलेली मी स्वतः पाहिली आहे. जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चावी अर्धी फिरवून दिवे लागतात का, आणि विझतात का, ते बघा.

फक्त पिवळा दिवा पेटून राहिला तर एबीएस बंद आहे, साधा ब्रेक चालू आहे. गाडी जपून घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. लाल दिव्याचं तसं नाही. हँडब्रेक ओढलेला नसताना लाल दिवा लागला तर ब्रेक ऑईल कमी झालेलं असू शकतं, आणि ऑईल कमी होतं ते पॅड झिजल्यामुळे किंवा कुठे तरी गळती लागल्यामुळे. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर जास्त सावध व्हा. ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी एबीएसचा युनिटच करतो, त्यांत दोन्ही दिवे लागणं म्हणजे ती वाटणीही बंद पडणं. रिकाम्या पिकअपची मागची चाकं तेव्हा आधी जाम होतात. अशी गाडी तुळजापूरच्या घाटात घालू नका, टो करून आणा.

मऊ पेडल हा आणखी वेगळा आजार आहे. पेडल स्पंजासारखं लागलं, दोनदा दाबल्यावर वर आलं, तर त्याचा एबीएसशी बहुधा संबंध नसतो. पायपांत हवा असते, नाही तर ऑईल जुनं असतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चं नवं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं तेच ऑईल १४० लाच उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले की फरक कळतो. दोन वर्षांत एकदा ऑईल बदला, विषय संपला.

स्कॅनर लावण्याआधी

दिवा लागला की लोक पहिलं वाक्य बोलतात, "स्कॅनर लावा." लावू. त्याआधी अर्धा तास हातांनी आणि डोळ्यांनी बघायचं.

पहिली बॅटरी. एबीएसचा कॉम्प्युटर व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल, किंवा वर म्युझिक सिस्टीम आणि चार फोकस जोडले असतील, तर व्होल्टेज पडतं आणि युनिट स्वतःला बंद करून दिवा लावतो. रात्री दिवा लागतो, दिवसा लागत नाही, अशी तक्रार आली की मी आधी अल्टरनेटर बघतो.

मग फ्यूज. एबीएसला एक फ्यूज नसतो. पंपाच्या मोटरचा मोठा वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा, कॉम्प्युटरचा छोटा वेगळा. नुसता डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्पने दोन्ही पायांवर करंट येतो का ते बघा. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही.

मग अर्थिंग. युनिटची काळी वायर चासीला जिथे बोल्टने बसवलेली असते तो बोल्ट खोला, गंज आणि रंग घासून काढा, पुन्हा घट्ट करा. मीटरने बघायचं तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं युनिटच्या अर्थिंगला, आणि यंत्रणा चालू. ०.१-०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग कच्ची आहे. हे काम फुकटात होतं आणि माझ्या अनुभवात त्याने बरेच 'युनिट गेला' म्हणून आलेले रुग्ण बरे झाले आहेत. नवा युनिट मालकाची महिन्याची कमाई खातो, म्हणून हे अगदी कळकळीने सांगतो.

टायर बघा. मागे एका बाजूला नवा टायर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच मापाचा रिमोल्ड, असं असेल तर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार नाहीत. लहान टायर जास्त फेरे मारतो. युनिट थोडा फरक सहन करतो, जास्त झाला की त्याला वाटतं एक सेन्सर खोटं बोलतो आहे. एका ॲक्सलला दोन्ही टायर एकाच मापाचे आणि हवा सारखी ठेवा.

शेवटी चाक जॅकवर घ्या, वरखाली धरून हलवा. बेअरिंगला खेळ असेल तर रिंग डगमगते, सेन्सरपासूनचं अंतर सारखं बदलतं. जॅकवर गाडी घेताना दुसऱ्या चाकांना दगड नव्हे तर नीट ओट (चाक अडवायचा ठोकळा) लावा आणि खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये.

आता स्कॅनर. मोबाईलला जोडायचे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी' अक्षराने सुरू होतात, आणि ते वाचणारा स्कॅनर लागतो. कित्येक गाड्यांत सी ००३५ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, सी ००४० पुढच्या उजव्याचा, सी ००४५ मागच्या डाव्याचा, सी ००५० मागच्या उजव्याचा असतो. प्रत्येक कंपनीचं असंच असेल असं नाही, आपल्या गाडीच्या पुस्तकाशी पडताळा. कोड आधी कागदावर लिहा, मग खोडा, मग गाडी फिरवून आणा. जो परत येतो तो खरा. जुने, कधी काळी आलेले कोडही आत पडून असतात.

स्कॅनरचा खरा उपयोग कोडपेक्षा त्याच्या चालू आकड्यांत आहे. चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर लावा, शेजारी कुणाला तरी बसवा, आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने गाडी न्या. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. मग हळूहळू थांबा. कोणता आकडा इतरांच्या आधी शून्यावर पडतो, ते बघायचं.

मामांच्या गाडीत पुढच्या डाव्याचा आकडा गाडी सहा-सातच्या वेगाला असतानाच उड्या मारायचा. सहा, शून्य, पाच, शून्य. आणि त्याच क्षणी पायाखाली कर्रर्र.

वायर, माती आणि उंदीर

सेन्सर आणि युनिट यांच्यामध्ये दोन-तीन मीटर वायर असते, आणि ती गाडीतल्या सगळ्यांत वाईट जागेतून जाते. पुढे ती स्टिअरिंगबरोबर वळते. मागे ती चासीवरून हाउसिंगवर उतरते आणि प्रत्येक खड्ड्याला खालीवर ताणली जाते. पाटे वाढवले की गाडी वर उचलली जाते आणि ही वायर कायमची ताणलेली राहते. वरचं रबर शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. उभ्या गाडीत दोन्ही टोकं टेकलेली असतात, मीटर म्हणतो सगळं ठीक. खड्डा आला की सुटतात, दिवा लागतो.

अशी वायर शोधायची रीत सोपी आहे. मीटर लावून ठेवा आणि वायर सेन्सरपासून युनिटपर्यंत बोटांनी चाचपत, वाकवत जा. आकडा जिथे हलतो तिथे तार तुटलेली. वायर वाकवताना मऊ, लुळी लागते तीही जागा संशयाची. जोड नुसता पिळून टेप मारू नका. सोल्डर करा, वर तापवून आवळणारी नळी चढवा, आणि वायरला पुरेसा सैलपणा ठेवा. सेन्सरजवळच्या सतत हलणाऱ्या भागात जोड टिकत नाही. तिथे पूर्ण वायरच बदललेली बरी.

आमच्या भागात काळी माती हे एक स्वतंत्र कारण आहे. मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही बाजूच्या रानात पावसाळ्यात गाडी घाला, माती चाकाच्या आत लिंपली जाते. वाळली की विटेसारखी होते. ती सेन्सरच्या वायरला धरून बसते आणि चाक फिरताना वायर ओढते. रिंगच्या दातांत बसली तर बारीक खडा दात आणि सेन्सरच्या मध्ये रगडला जातो. शेतातून आलं की चाकाची आतली बाजू धुवा, पण प्रेशरचा पाण्याचा झोत सेन्सरच्या कपलरवर, म्हणजे वायरी जिथे जोडतात त्या सॉकेटवर, थेट धरू नका. कपलरच्या रबराला ओलांडून पाणी आत गेलं की पिना हिरव्या पडतात. हिरवी पिन दिसली की दोष अर्धा सापडला.

गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नेहमीच्या. आणि उन्हाळ्याचं ऊन इथे असं असतं की दहा वर्षांच्या वायरीचं रबर हाताने मोडतं. तेवढं बोलून पुढे जातो.

सेन्सर मोजायचा कसा

सेन्सर दोन जातींचे असतात आणि इथे चूक झाली तर चांगला सेन्सर मारला जातो. जुन्या जातीच्या सेन्सरात लोहचुंबकाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याला बाहेरून करंट लागत नाही. दात समोरून गेला की तो स्वतःच थोडी एसी वीज तयार करतो. नव्या जातीच्या सेन्सरला युनिटकडून करंट मिळतो, आणि तो दातांप्रमाणे करंट कमीजास्त करतो. साधारण ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर. ओळख सोपी आहे: कपलर काढा, चावी चालू करा, वायरिंगच्या बाजूला मीटर लावा. बॅटरीच्या जवळपास व्होल्ट दिसले तर बहुधा नवी जात.

जुन्या जातीला मीटर ओहमवर लावा. साधारण हजार ते दोन हजारांच्या आसपास आकडा येतो. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात. त्याहून उपयोगी म्हणजे डावा-उजवा ताडून बघणं. दोघांत मोठा फरक नको. मग एक टोक सेन्सरच्या वायरला, दुसरं गाडीच्या अंगाला. इथे दोघांत काहीच जोड दिसता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक हाताने सेकंदाला एक फेरा अशा बेताने फिरवा. ०.१ व्होल्टच्या वर काही तरी आलं पाहिजे, आणि वेगाने फिरवलं की वाढलं पाहिजे. नव्या जातीच्या सेन्सरला ओहमवर मोजू नका. मीटरचा करंट आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. त्याला फक्त मिळणारा करंट आणि स्कॅनरवरचा वेग बघा.

जुन्या जातीची वीज चाकाच्या वेगाबरोबर वाढते आणि वेगाबरोबरच घटते. हिशोब करून बघा. पिकअपच्या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण २.२ मीटर, आणि रिंगला ४८ दात आहेत असं धरा. ताशी ४० ला सेन्सर सेकंदाला अडीचशेच्या आसपास ठोके देतो, आणि ठसठशीत देतो. ताशी ५ ला तीसेकच, आणि तेही क्षीण. रिंग आणि सेन्सरमध्ये नखाच्या जाडीचं अंतर असतं. ते जरा वाढलं, किंवा मध्ये घाण आली, तर हायवेवर काही कळत नाही, पण थांबताना ठोके हरवतात. युनिटला वाटतं डावं चाक जाम झालं. तो लगेच त्या चाकाचा ब्रेक सोडतो. गाडी ज्या क्षणी थांबायला हवी त्याच क्षणी एका चाकाला ब्रेक नसतो. गेटापाशी हातभर पुढे सरकणं हे असं घडतं. थांबताना, कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकला पेडल थरथरलं की संशय रिंगकडे आणि सेन्सरच्या टोकाकडे न्यायचा.

मामांचा सेन्सर मी काढला. टोकाला लोखंडाची भुकटी चिकटली होती, करड्या दाढीसारखी. चुंबक असल्यामुळे ब्रेकच्या डिस्कची झीज तो ओढून घेतो. ती फडक्याने पुसली. ओहम बरोबर होते, दुसऱ्या बाजूशी जुळत होते. दोनदा बदललेला सेन्सर चांगलाच होता, पहिल्यापासूनच चांगला असावा. वायर हलवून बघितली, आकडा हलला नाही. मग चाक काढून खडूने एका दातावर खूण केली, टॉर्च धरली आणि मुलाला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, अगदी सावकाश फिरवायला सांगितलं. पहिल्या फेऱ्यात मला काही दिसलं नाही. ब्रशने आणि रॉकेलने दात धुतले, पुन्हा फिरवलं. खुणेपासून पंधराव्या-सोळाव्या दातापाशी दोन दातांच्या बेचक्यात केसासारखी रेष होती. नख लावलं तर नख अडकलं. रिंग तिथे तडकली होती आणि तिथलं बेचकं इतरांपेक्षा रुंद झालं होतं. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ठोका उशिरा.

"मामा, हे बेअरिंग कधी बदललं?"

"दिवाळीच्या आधी. बाहेरच बसवलं की."

दिवा लागायला लागला तोही दिवाळीच्या सुमारास. हबवर रिंग बसवताना ती हातोडीने ठोकली गेली असावी. रिंग ठोकायची नसते, सारख्या दाबाने प्रेसवर बसवायची असते.

ज्या गाड्यांत दातेरी रिंग नसते तिथे बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, डोळ्याला न दिसणारी. असं बेअरिंग उलटं बसवलं तर सेन्सरला काहीच कळत नाही. वेग शून्य, सेन्सर नवा, मेकॅनिक हैराण. बेअरिंगच्या कामानंतर एबीएसचा दिवा लागला तर आधी बेअरिंगची बाजू तपासा.

पंप आणि युनिट यांच्याकडे मी सगळ्यांत शेवटी जातो. पंपाचा कोड आला तर आधी त्याचा मोठा फ्यूज, मग त्याच्या कपलरवर पूर्ण व्होल्टेज येतं का, मग अर्थिंग. हे तिन्ही बरोबर असूनही पंप फिरत नसेल तरच युनिट काढायचा विचार. युनिटच्या पायपा उगाच सैल करू नका. आत हवा गेली तर साध्या ब्लीडिंगने, म्हणजे पायपांतली हवा काढायच्या नेहमीच्या रीतीने, ती निघत नाही. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवत ब्लीडिंग करावं लागतं.

वेल्डिंगबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवी पिकअप आली की हौद्याला जाळी, उंच फाळका, मागे बंपर असं वेल्ड करून घ्यायची इथे पद्धतच आहे. वेल्डिंगचा करंट वाट मिळेल तिकडून जातो, कॉम्प्युटरमधूनही. वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, एबीएस युनिटचा कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थचा चिमटा जिथे वेल्ड करायचं तिथून वीतभर अंतरावरच लावायला सांगा. पुढच्या बंपरला चिमटा आणि मागे वेल्डिंग, असं चाललेलं दिसलं तर थांबवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मामांना रिंगसाठी हब प्रेसवर नेऊन आणावा लागला, दुपार झाली. जुना कोड खोडला. तपासणीत पुन्हा लागलेला दिवा तेवढ्याने विझला नाही, कारण बऱ्याच गाड्या चाक फिरताना बघितल्याशिवाय दोष गेला असं मानत नाहीत. मी स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसलो. हैदराबाद रोडला गर्दी होती म्हणून आतल्या रस्त्याला घेतलं. वीसच्या पुढे गेल्यावर बॉनेटखाली 'घुर्र' झालं आणि पिवळा दिवा गेला. मामांना म्हटलं, आता अगदी सावकाश थांबवा, गेटात थांबवता तशी. पडद्यावर चार आकडे होते. दहा, दहा, दहा, दहा. सहा. चार. तीन. चारही एकदम शून्यावर आले, पेडल शांत होतं. मामांनी तरी गाडी आणखी तीनदा थांबवून बघितली, आणि मग अडत्याला फोन लावून संध्याकाळची खेप घेतो म्हणाले.